उमेदवार कोणाचा ?

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आली म्हणजे तिची चर्चा आमच्या कडेगांवच्या बाजारपेठेंतहि रंगते, आणि ही गोष्ट कित्येक शहाण्यासुरत्या लोकांस हास्यास्पद वाटते. टेंभूचें पाणी आपल्या शिवारांत केव्हां येणार हें ज्यांना ठाऊक नाहीं, त्यांनीं पेनसिल्व्हानियांतील मतांची बेरीज करीत बसावें, यांत त्यांस विसंगति दिसते. आम्हांस ती दिसत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं हिंदुस्थानच्या मालावर एकंदर ५० टक्के जकात बसविली, तेव्हां तिची धास्ती तिरुपूरच्या कापडवाल्यांपासून सुरतेच्या हिरेवाल्यांपर्यंत साऱ्यांनीं घेतली. खानापूर, आटपाडी व कडेगांव या तालुक्यांतील जे गलाई व्यावसायिक देशांतील पेठापेठांतून सोनें गाळीत बसले आहेत, त्यांच्या मुशींतील धातूचा भाव वॉशिंग्टनच्या एका घोषणेनें वरखालीं होतो. ज्या कचेरींतला हुकूम आपल्या दुकानापर्यंत पोंचतो, त्या कचेरींत माणूस कोणत्या वाटेनें शिरतो हें पाहणें दुकानदाराचें कामच आहे.

परंतु या चर्चेंत आमचे लोक जो प्रश्न विचारतात, तो आमच्या मतें अपुरा आहे. कोण आला आणि कोण पडला, एवढेंच ते विचारतात. मतदानाच्या दिवशीं पुढें असलेल्या नांवांपैकीं एक निवडलें जातें हें खरें. पण तीं नांवें मुळांत तेथें कोणीं आणलीं, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहतो. अमेरिकन नागरिकाचा आपल्या राज्यकारभारावर जो कांहीं दाब आहे, त्याचा मोठा भाग मतदानाच्या दिवसाच्या कित्येक महिने आधींच वापरून झालेला असतो. आमच्याकडे तो सर्व काळ पुढाऱ्यांचा समजला जातो, आणि मतदाराचा अधिकार एका दिवसापुरता उरतो. याचे परिणाम कडेगांवच्या मतदारानें स्वतः भोगले आहेत. ते आज स्पष्टपणें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

पलूस-कडेगांव मतदारसंघाच्या चार निवडणुकांचा हिशेब वाचकांनीं आमच्याबरोबर मांडून पाहावा. २०१४ सालीं काँग्रेसचे डॉ. पतंगराव कदम व भारतीय जनता पक्षाचे श्री. पृथ्वीराज देशमुख यांच्यांत चुरशीचा सामना झाला, आणि डॉ. कदम सुमारें २४ हजार मतांनीं निवडून आले. ९ मार्च २०१८ रोजीं ते निवर्तले व पोटनिवडणूक लागली. भाजपनें श्री. संग्रामसिंह देशमुख यांचा अर्ज भरविला आणि अर्ज मागें घेण्याच्या शेवटच्या दिवशीं तो काढून घेतला. २८ मे रोजीं व्हावयाचें मतदान झालेंच नाहीं, कै. पतंगरावांचे चिरंजीव डॉ. विश्वजित कदम बिनविरोध आमदार झाले. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर २०१९ मध्यें, सार्वत्रिक निवडणूक आली. युतीच्या जागावाटपांत ही जागा शिवसेनेकडे गेली, आणि ज्या पक्षानें येथें आजवर खरी लढत दिली होती त्याचें चिन्हच मतदानयंत्रावर नव्हतें. निकाल असा लागला : डॉ. विश्वजित कदम १,७१,४९७. शिवसेनेचे उमेदवार ८,९७६. आणि या दोहोंच्या मध्यें, दुसऱ्या क्रमांकावर, 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं', म्हणजे नोटा, २०,६३१. पुढें २०२४ सालीं पुन्हां कदम विरुद्ध देशमुख असा सरळ सामना झाला, त्यांत डॉ. कदमच विजयी झाले, आणि मताधिक्य ३० हजारांच्या आसपास येऊन थांबलें.

हे चार आंकडे एका ओळींत लिहिले तर ते असे दिसतात : चोवीस हजार, शून्य, एक लाख बासष्ट हजार, तीस हजार. दहा वर्षांत येथील लोकांचें मन इतक्या वेळां उलटसुलट झालें, असें मानावयास आम्ही तयार नाहीं. २०१४ सालीं आणि २०२४ सालीं लोकांपुढें निवड होती, तेव्हां ते जवळजवळ सारख्याच रीतीनें वांटले गेले. मधल्या दोन वेळीं निवड नव्हती. ती लोकांनीं नाकारलेली नव्हती. ती त्यांच्यापुढें ठेवलीच गेली नाहीं. एकदां शेवटच्या दिवशीं अर्ज काढून घेण्यानें आणि एकदां मुंबईंत बसून केलेल्या जागावाटपानें ती संपली. यांत कोणी कायदा मोडला असें आमचें म्हणणें नाहीं, आणि विजयी उमेदवाराच्या लोकप्रियतेविषयींहि आमचा वाद नाहीं. खऱ्या सामन्यांतसुद्धां ते निवडून आले, हें २०२४ नें दाखविलें. आमचें म्हणणें मतदाराविषयीं आहे. निर्णय झाला तेव्हां तो त्या खोलींत नव्हता.

त्या २०,६३१ लोकांचा विचार करावा. कोणी म्हणेल कीं हीं मतें कोणाच्या तरी इशाऱ्यावरून पडलीं. कांहीं पडलीं असतील. पण इशाऱ्यावरून असो वा स्वतःच्या बुद्धीनें असो, इतकीं माणसें घरचें काम टाकून केंद्रावर गेलीं, रांगेंत उभीं राहिलीं, बोटाला शाई लावून घेतली आणि 'आम्हांस यांपैकीं कोणी नको' असें सांगून परत आलीं. याचा कायदेशीर परिणाम काय झाला ? कांहींच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१३ रोजीं हें बटण मतदारास मिळवून दिलें, त्यांत त्याची नापसंती गुप्तपणें नोंदवून घेण्याची सोय आहे. परंतु विधानसभेच्या निवडणुकींत त्या मतांची संख्या कितीहि झाली तरी उमेदवारांमध्यें ज्याला अधिक मतें तोच निवडून येतो. आम्ही वकिली केलेली असल्यामुळें आम्हांस हा प्रकार ओळखीचा वाटतो. फिर्याद दाखल करून घ्यावयाची, तिला क्रमांक द्यावयाचा, आणि निकाल मात्र तिच्यावांचून लावावयाचा, तसा हा न्याय आहे.

आणि हें कडेगांवापुरतेंच आहे असेंहि नव्हे. त्याच २०१९ च्या निवडणुकींत लातूर ग्रामीण मतदारसंघांत नोटा दुसऱ्या क्रमांकावर आली. तेथेंहि ती जागा युतीनें शिवसेनेला दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्यें मुंबईच्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकींत भाजपनें आपला उमेदवार मागें घेतला, आणि तेथें नोटेला १२,८०६ मतें पडून तीच दुसरी ठरली. तीन निरनिराळ्या जागीं, तीन निरनिराळ्या घराण्यांच्या बाबतींत, एकच गोष्ट घडली. पुढाऱ्यांनीं सामना मिटविला, आणि लोकांतील एका भागानें, हातीं होतें तेवढ्या एका बटणानें, सामना मिटलेला नाहीं असें कळविलें.

दिवंगत सभासदाच्या जागीं त्याच्या घरांतील माणसास बिनविरोध येऊं द्यावें, ही महाराष्ट्रांतील रीत सभ्यपणाची आहे, असें सांगितलें जातें. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाहीं. कै. पतंगरावांनीं या दुष्काळी मुलखांतून निघून भारती विद्यापीठासारखी संस्था १९६४ पासून उभी केली. त्यांच्या मृत्यूचें दुःख विरोधकांसहि झालें असलें पाहिजे. पण दुखवटा पाळण्याचा हक्क जर कोणाचा असेल, तर तो सर्वांआधीं मतदाराचा आहे. त्याला वाटलें असतें तर त्यानें आपलें दुःख मतपेटींतून व्यक्त केलें असतें, आणि तें बिनविरोध निवडीपेक्षां अधिक गौरवाचें झालें असतें. शिवाय 'बिनविरोध' या शब्दाची एकदां प्रतिष्ठा वाढली म्हणजे ती कोठवर जाते हेंहि पाहिलें पाहिजे. जानेवारी २०२१ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथें ग्रामपंचायतीच्या जागांचा चक्क लिलाव झाल्याचें उघड झालें आणि राज्य निवडणूक आयोगास त्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तेथेंहि बोलण्यांत एकमतच होतें. गांवाचें एकमत आणि गांवांतील चार बड्यांचें एकमत, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आतां अमेरिकेकडे वळूं. कडेगांवांत मतदान न होतां आमदार ठरला, त्याच २०१८ सालीं, आमच्याच भाषेचा एक माणूस अमेरिकेंत मतदारांचे उंबरे झिजवीत होता. बेळगांवांत वाढलेले श्री ठाणेदार ('श्री' हें त्यांचें नांवच आहे) यांस मिशिगन राज्याचे गव्हर्नर व्हावयाचें होतें. ते धनवान्, धंद्यांत मुरलेले. पदरचे लक्षावधि डॉलर खर्च करण्याची त्यांची तयारी. आमच्याकडे असा माणूस मुंबईस किंवा दिल्लीस जाऊन पक्षश्रेष्ठींच्या दाराशीं बसला असता आणि एबी फॉर्म घेऊन परतला असता. मिशिगनमध्यें तसें करितां येत नाहीं. कारण तेथें पक्षाचा उमेदवार कोण हें ठरविण्यासाठीं सरकारी यंत्रणेमार्फत, सरकारी केंद्रांवर, कायद्यानें आधीं एक निवडणूक घेतली जाते आणि तींत सामान्य मतदार मत देतो. ७ ऑगस्ट २०१८ रोजीं ही पूर्वनिवडणूक झाली. ठाणेदार तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर या बाईंस लोकांनीं पसंत केलें. धन होतें, महत्त्वाकांक्षा होती, पण लोक 'नाहीं' म्हणाले, आणि त्या नाहींला तेथें अर्थ होता. पुढें २०२० सालीं त्याच गृहस्थांस लोकांनीं राज्याच्या कायदेमंडळांत पाठविलें, आणि २०२२ सालीं डेट्रॉइटच्या भागांतून देशाच्या प्रतिनिधिसभेंत.

अध्यक्षपदाचीहि रीत हीच. मात्र ती तेथील लोकांस आयती मिळालेली नाहीं, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत धरावें. १९६८ सालीं डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री हे एकाहि पूर्वनिवडणुकींत न उतरतां शिकागोच्या अधिवेशनांत पक्षाचे उमेदवार झाले; पक्षाच्या ठाणेदारांनीं तें आपसांत ठरविलें होतें. बाहेर रस्त्यावर व्हिएटनामच्या युद्धाविरुद्ध तरुण मंडळी पोलिसांच्या लाठ्या खात होती. हम्फ्री निवडणूक हरले, आणि त्या लज्जेंतून पक्षास आपले नियम बदलणें भाग पडलें. १९७२ पासून उमेदवार ठरविण्याचें काम मुख्यत्वें मतदारांकडे आलें. म्हणजे अवघ्या पन्नासएक वर्षांपूर्वीं तेथील कारभारहि बंद खोलींतलाच होता. लोकांनीं दार ठोठावलें म्हणून तें उघडलें. आणि तें दार पुन्हां लागूंहि शकतें. २०२४ सालीं पूर्वनिवडणुका उरकल्यावर, २१ जुलै रोजीं, अध्यक्ष बायडन यांनीं माघार घेतली. कमला हॅरिस या त्या वर्षीं मतदारांच्या त्या पहिल्या परीक्षेस न बसतांच उमेदवार झाल्या, आणि ५ नोव्हेंबरला ट्रंप यांजकडून ३१२ विरुद्ध २२६ अशा मतांनीं हरल्या. पराजयाचीं कारणें अनेक होतीं. परंतु आपल्यास विचारलें गेलें नाहीं, ही तक्रार त्यांच्या विरोधकांनीं पुरेपूर वापरली.

अमेरिकेची आम्ही आरती ओवाळीत आहों असें कोणीं समजूं नये. त्या व्यवस्थेंत मोठे दोष आहेत. देशभर अधिक मतें मिळवूनहि उमेदवार पडतो. २००० सालीं अल गोर व २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांची हीच गत झाली, कारण तेथें राज्याराज्यांच्या ५३८ निर्वाचकांतून २७० मिळवावे लागतात. ज्या राज्याचा कौल आधींच ठरल्यासारखा असतो तेथें उमेदवार फिरकत नाहीं, आणि सात-आठ डळमळीत राज्यांत मात्र त्याचा मुक्काम हलत नाहीं. पैशाचें तर विचारूंच नये. २०१० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कंपन्यांस स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक दिली, आणि २०२४ सालीं एलॉन मस्क या एकट्या धनिकानें २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. ठाणेदारांच्या २०२२ च्या यशांतहि त्यांच्या स्वतःच्या पैशाचा वांटा लहान नव्हता. आणि नऊ उमेदवारांत मतें फुटल्यामुळें त्यांना तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी मतांवर उमेदवारी मिळाली. तेव्हां पूर्वनिवडणूक म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. आम्हीहि आपल्याकडे पक्षांच्या तिजोऱ्यांवर पडदा टाकणारे निवडणूक रोखे पाहिले, आणि ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं आमच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केल्याचेंहि पाहिलें. पैशाचा रोग दोन्हीकडे आहे. फरक एवढाच कीं, तेथील दोष लोकांच्या डोळ्यांदेखत घडतात, आणि आमचे त्यांच्या पाठीमागें.

या सर्वांतून कडेगांवनें घेण्यासारखें काय ? आमच्या मतें एक गोष्ट आहे, आणि ती आयोवा नांवाच्या एका शेतकी राज्यानें दाखविली आहे. आयोवाची लोकसंख्या सुमारें ३२ लाख. २०११ च्या गणनेंत आमच्या सांगली जिल्ह्याची २८ लाख होती. एवढ्याशा राज्यापुढें बडेबडे उमेदवार एकामागून एक येऊन हात जोडीत, कारण १९७० च्या दशकापासून जवळजवळ पन्नास वर्षें दोन्ही पक्षांच्या उमेदवारनिवडीचा आरंभ तेथून होत असे. आणि तेथील शेतकरी त्यांस एकच प्रश्न विचारीत : आमच्या मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलचें तुम्ही काय करणार ? ज्यानें मक्याचें कणीस कधीं हातांत धरलें नसेल, त्यासहि त्या प्रश्नाचा अभ्यास करून यावें लागे. उसाच्या मळींतून इथेनॉल काढणाऱ्या साखर कारखान्यांच्या या प्रदेशांत त्या प्रश्नाचें मर्म आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. आयोवाची खरी शक्ति तेथील मतांच्या संख्येंत नव्हती. उमेदवार अद्याप ठरलेला नाहीं अशा वेळीं प्रश्न विचारण्यांत होती. ठरलेल्या उमेदवारास प्रश्न विचारले तर तो आश्वासन देतो. ठरावयाचा आहे त्यास विचारले तर तो उत्तर देतो.

आणि हें आम्हांस परकें नाहीं. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी व त्यांचे सहकारी यांनीं आटपाडीस तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणीपरिषदा भरविल्या. तेथें जमलेल्या शेतकऱ्यांनीं कोणास मत द्यावयाचें हें ठरविलें नाहीं. कोणता प्रश्न विचारावयाचा हें ठरविलें. कृष्णेचें पाणी वर चढवून आम्हांस द्याल कीं नाहीं, हा तो प्रश्न. १९९५ ची विधानसभा निवडणूक आली, तेव्हां तो प्रश्न गांवोगांव पोंचलेला होता. त्या वेळच्या भिलवडी-वांगी मतदारसंघांतून, ज्यांत कडेगांव होतें, कै. संपतराव देशमुख हे अपक्ष निवडून आले. त्या सभागृहांत युतीस २८८ पैकीं १३८ जागा होत्या व अपक्ष ४५ होते. त्यांच्या पाठिंब्यावांचून सरकार उभें राहूं शकत नव्हतें. दुष्काळी भागांतील अपक्षांनीं पाठिंब्याच्या मोबदल्यांत पाणी मागितलें. १९९६ सालीं कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालें आणि टेंभू योजनेस मान्यता मिळाली. पुढें त्या योजनेस किती वर्षें लागलीं, आणि कोणत्या गांवास अजून किती पाणी येतें, हा हिशेब निराळा. पण आज कडेगांव तालुक्याच्या शिवारांत जो कालवा दिसतो, त्याचा उगम टेंभूच्या बंधाऱ्यांत आहे तितकाच त्या पाणीपरिषदेंतहि आहे. प्रश्न आधीं लोकांनीं ठरविला, उमेदवार मागाहून आला, आणि म्हणून त्या मताला किंमत आली. २०१९ सालीं हाच क्रम उलटा होता. म्हणून त्याच मुलखांतील वीस हजारांवर मतें नुसती नोंदींत राहिलीं.

तेव्हां आम्ही कडेगांवच्या व्यापाऱ्यांस, शिक्षकांस, वकिलांस व शेतकऱ्यांस तीन गोष्टी सुचवितों. त्यांस कायद्याची अडचण नाहीं, सरकारच्या परवानगीचीहि फारशी गरज नाहीं.

पहिली ही कीं, कोणतीहि निवडणूक येवो, नगरपंचायतीची असो कीं विधानसभेची, ती जाहीर होण्यापूर्वींच नागरिकांची एक सभा भरवावी आणि गांवाचे पांच प्रश्न लिहून काढावे. पांचच. पन्नास लिहिले कीं एकहि उरत नाहीं. टेंभूच्या आवर्तनाच्या तारखा व पाणीपट्टी, बाजाराच्या दिवसाची सोय, पिण्याचें पाणी, शाळा, दवाखाना, जे काय ठरेल तें. तो कागद चावडीवर व वाचनालयांत लावावा.

दुसरी ही कीं, ज्यास ज्यास उमेदवार व्हावयाचें आहे त्यानें एबी फॉर्म हातीं येण्याच्या आधीं त्या सभेपुढें यावें, आणि सर्वांनीं एकाच व्यासपीठावर यावें. १८५८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत लिंकन व डग्लस या दोघांनीं सिनेटच्या एका जागेसाठीं सात गांवीं जाऊन, प्रत्येक ठिकाणीं तीन-तीन तास, लोकांसमोर वाद घातला. त्या वेळीं लिंकन यांस जागा मिळाली नाहीं, पण दोन वर्षांनीं तेच देशाचे अध्यक्ष झाले. तीं गांवें कांहीं मुंबई-पुणें नव्हतीं. आमच्याकडे एका उमेदवाराची सभा होते आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याची. प्रत्येकजण आपापल्या टाळ्या मोजून जातो. समोरासमोर बसविलें म्हणजे टाळ्यांची किंमत उतरते आणि उत्तराची चढते. जो येणार नाहीं त्याची खुर्ची रिकामी ठेवावी, तेवढें पुरे.

तिसरी ही कीं, उमेदवारांनीं स्वतःच शपथेवर दिलेली माहिती लोकांनीं वाचावी. मालमत्ता, कर्ज, शिक्षण व दाखल असलेले गुन्हे यांचें प्रतिज्ञापत्र देणें २००३ पासून बंधनकारक झालें आहे, तें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळें. इतका मोठा हक्क मिळाला आणि आम्हीं तो कपाटांत ठेवून दिला. बाजारपेठेंतील कोणीहि व्यापारी खतावणी न पाहतां उधारी देत नाहीं. पांच वर्षांचें राज्य मात्र आम्ही खतावणी न पाहतां देतों.

येथें आम्हांस एक आक्षेप ऐकूं येतो. 'उमेदवारी पक्ष देतो. पक्ष आमच्या सभेस विचारतो कोण ?' हें खरें आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत अर्ज कसा भरावा याचे बारीकसारीक नियम आहेत; पण पक्षानें आपला उमेदवार कोणत्या रीतीनें निवडावा याविषयीं तो कायदा गप्प आहे. ही उणीव संसदेनें भरून काढावी असें आमचें मत आहे. विधानसभेच्या निवडणुकींत नोटेस कांहीं परिणाम द्यावा, आणि एकच उमेदवार उरला तरीहि लोकांस होय-नाहीं म्हणण्याची संधि द्यावी, ही मागणीहि आम्हांस रास्त वाटते. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानें नोव्हेंबर २०१८ मध्यें स्थानिक स्वराज्य संस्थांपुरतें एक पाऊल टाकलें आहे; तेथें नोटेस सर्वांत अधिक मतें पडलीं तर फेरनिवडणूक घेण्याचा आदेश आहे. जें नगरपंचायतीस लागू होतें तें विधानसभेस कां लागू नसावें, याचें उत्तर आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं. परंतु कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. पक्ष लोकांस भितो तो मतदानाच्या दिवशीं नव्हे, त्या आधीं भितो. कोणाचें नांव घेतल्यानें गांव जमतें आणि कोणाचें घेतल्यानें उठून जातें, हें पक्षाच्या माणसांस आधीं कळलें, तर एबी फॉर्मवरील नांव आपोआप विचारपूर्वक लिहिलें जाईल.

दुसरा आक्षेप असा कीं, असल्या सभांनीं गांवांत फूट पडेल. ज्या गांवांत मोहरमच्या उंच ताबुतांच्या भेटी हिंदु-मुसलमान मिळून घडवितात आणि त्या पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, त्या गांवास हा आक्षेप शोभत नाहीं. त्या सोहळ्यांत कोणाचा मान कोणता हें बाहेरून कोणीं कळवावें लागत नाहीं. शेंकडों हात लागतात आणि ताबूत उभा राहतो. जें गांव एवढें ओझें एकमेकांच्या विश्वासावर पेलतें, तें चार उमेदवारांस एका व्यासपीठावर बसवूं शकणार नाहीं काय ?

याच मतदारसंघांतील कुंडल हें गांव १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारचें एक मोठें ठाणें होतें. क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे साथी यांनीं इंग्रजांच्या कचेऱ्यांकडे पाठ फिरवून गांवोगांव लोकांचीं न्यायमंडळें बसविलीं, आणि तंटे गांवांतच मिटूं लागले. त्या वेळीं लोकांजवळ मताचा हक्क जवळजवळ नव्हताच, तरी कारभार कोणीं व कसा करावा हें ते ठरवीत होते. आज हक्क पुरा आहे, आणि ठरविण्याचें काम मात्र दुसऱ्यांनीं उचललें आहे. पुढच्या वेळीं बाजारांत अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघेल, तेव्हां कोण आला व कोण पडला हें अवश्य विचारावें. पण त्याच बैठकींत एक प्रश्न आपल्या घरचाहि विचारावा : आमच्या पुढच्या निवडणुकीचा उमेदवार अजून ठरला नसेल, तर तो ठरण्यापूर्वीं आपण त्याच्याशीं केव्हां बोलणार ? सभेची तारीख त्याच बैठकींत ठरली, तर आम्हांस हा लेख लिहिल्याचें समाधान होईल.